खुशालभाऊचा हल्या

माझ्या भावाचं पूर्ण नाव खुशाल देवाजी मेश्राम. राहणार कामठा, तालुका गोंदिया. काम, राइस मिलमध्ये फिटर. हे सगळं मी मुद्दाम सुरुवातीलाच लिहून टाकते आहे, कारण जिथे लिहायला हवं होतं तिथे मी ते लिहिलं नाही. त्याचा राग अजून माझ्या अंगात आहे. थोडा माझ्या पोरावर, बाकीचा माझ्यावर. कोणावर किती, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

भाऊ माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आयटीआय करून मिलमध्ये लागला आणि तिथेच राहिला. बोलणं कमी. मिलचे मालक श्यामलाल सेठ म्हणायचे, "खुशाल को बुलाना नहीं पड़ता, मशीन खुद बुला लेती है." बेल्ट सरकला, बेअरिंग कुरकुरलं, की हा अंगणात जेवत असला तरी हात थांबायचा.

त्याची एक सवय सांगते, पुढे तिचं काम आहे. मशीन उघडायच्या आधी तो बोर्डावरचा चिनी मातीचा फ्यूज काढायचा आणि शर्टच्या खिशात टाकायचा. काम संपेपर्यंत तो खिशातच. सेठ येवो, सेठचा बाप येवो, फ्यूज दुसऱ्याच्या हातात नाही. ज्याने काढला त्यानेच लावायचा. भाऊ नवा असताना गोवर्धन नावाचा एक हमाल पट्ट्यात अडकलेला धान काढत होता, आणि कोणीतरी न पाहता फ्यूज लावून दिला. गोवर्धनच्या उजव्या हाताला तेव्हापासून दोनच बोटं आहेत. भाऊ कधी त्याची गोष्ट सांगायचा नाही, फक्त खिसा चाचपायचा.

आता बाबांबद्दल. आमचे बाबा, देवाजी, शंकरपटातले नावाजलेले धुरकरी. शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आमच्या झाडीपट्टीत धान निघाल्यावर गावोगाव व्हायची. जोडी हाकणारा तो धुरकरी. बाबांना स्वतःचे बैल कधीच नव्हते, ते गावच्या एका मोठ्या मालकाची जोडी हाकायचे. जोडी जिंकली की भोंग्यावरून मालकाचं नाव पुकारलं जायचं, मग गावाचं, मग बैलांचीसुद्धा नावं. धुरकऱ्याचं नाव कोणी घेत नसे. बाबा धुळीने पांढरे होऊन बैलांचे पाय चोळत बसायचे. मी आणि भाऊ मांडवाबाहेर उभे राहून कान देत असू, आज तरी घेतील म्हणून. बाबा गेले तोवर कोणी घेतलं नाही. मी ते विसरले. भाऊ विसरला नाही, हे मला फार उशिरा कळलं.

२००५ च्या सुमारास मिलच्या चौकीदाराच्या खोलीत केबल आली. तिथे एका इंग्रजी चॅनलवर भाऊने लोखंडी यंत्रं एकमेकांशी झुंजताना पाहिली. खाली चाकं, पुढे फिरणारं पातं, आणि दूर उभा राहून चालवणारा माणूस. मंदाबाईला, म्हणजे माझ्या वहिनीला, घरी येऊन म्हणाला, "हे त आपल्या शेलरचंच काम होय. फक्त त्याले राग येऊन राहिला." शेलर म्हणजे मिलमधलं धान सोलायचं यंत्र.

वहिनीने हसण्यावारी नेलं. भाऊने नेलं नाही. लोडशेडिंगमुळे मिल दुपारी तीन-चार तास बंद असायची. बाकीचे लोक धानाच्या पोत्यांवर आडवे होत, हा मागच्या भुशाच्या खोलीत जाऊन बसायचा. भंगारातल्या ट्रकच्या वायपरच्या दोन मोटरी त्याने चाकांना लावल्या. चाकं पोती वाहायच्या गाडीची. शेलरमध्ये धान सोलायला रबरी रोल असतात, रबर झिजलं की आतला लोखंडी ढोल फेकून देतात. तो ढोल त्याने हत्यार म्हणून पुढे बसवला आणि त्याला ट्रकच्या कमानीचा पाटा कापून दोन दात लावले. ढोल फिरवायला मारुतीच्या रेडिएटरच्या पंख्याची मोटर. ती तीन मिनिटांवर चालली तर जळायची, म्हणून तो घड्याळ लावून बसायचा.

कागदावर त्याने एक रेघ ओढली नाही. खडूने मिलच्या फरशीवर काढायचा, मोजायचा, मनात बसलं की पायाने पुसायचा. सगळे फिटर असंच करतात. कागद कशाला, डोक्यात आहे ना. ही चूक आहे असं तेव्हा कोणाच्याच मनात आलं नाही.

पहिल्या चाचणीत एक दात उडाला आणि भुशाच्या खोलीच्या भिंतीत जाऊन रुतला. तो अजून तिथेच आहे. दुसऱ्या चाचणीला वहिनीचा भात शिजवायचा मोठा गंज ढोलाखाली चेपला. वहिनीने आठ दिवस त्याला लहान पातेल्यात दोनदा भात लावून वाढला आणि दोन्ही वेळा ऐकवलं. पण खरी पंचाईत वेगळीच होती. यंत्र सरळ चालेना, सारखं डावीकडे ओढायचं. वायपरच्या मोटरी एका बाजूला जलद फिरतात आणि उलट्या बाजूला जरा हळू. समोरासमोर बसवल्या की एक पुढे, एक मागे. चांगल्या शिकलेल्या माणसाने डोकं धरलं असतं. भाऊला मात्र शेलर आठवला. शेलरचे दोन रोल कधीच एकसारखे फिरत नाहीत, एक जलद आणि एक हळू, म्हणून तर धानाची साल निघते. तिथे जो फरक मुद्दाम ठेवतात तो इथे मोडायचा. त्याने हळू मोटरीला कमी-जास्त दात्यांची चक्री लावली, चार वेळा बदलली, आणि एक दिवस यंत्र मिलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतात गेलं. हमालांनी टाळ्या वाजवल्या.

नाव ठेवलं हल्या. हल्या म्हणजे आमच्याकडे रेडा. रंग काळा, मान खाली घालून अंगावर जाणारा. मिलच्या काट्यावर वजन भरलं साडेएकोणतीस किलो. चालवायला लाकडी पेटीवर चार बटनं, पेटीपासून हल्यापर्यंत लांब तार. तार ढोलात जाऊ नये म्हणून एका माणसाने ती बांबूच्या टोकाला अडकवून वर धरायची आणि हल्याबरोबर चालायचं. पोटात बॅटऱ्या, आणि पाठीवर झाकणाखाली सायकलच्या ट्यूबमध्ये गुंडाळलेला चिनी मातीचा फ्यूज. तो काढला की हल्या मेला, लावला की जिवंत.

माझा मुलगा राजदीप तेव्हा नागपूरला इंजिनिअरिंगला होता. त्याचे वडील तो सातवीत असताना गेले. मी अर्जुनी मोरगावला जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. सुट्ट्या लागल्या की पोरगा कामठ्याला मामाकडे पळायचा. सायकल मामाने शिकवली, पोहणं मामाने शिकवलं. २००८ च्या दिवाळीत त्याने पहिल्यांदा हल्या चालताना पाहिला आणि वेडा झाला. खोटं कशाला बोलू, पोराने जीव लावला. दर सुट्टीत तासन् तास बटनं दाबून त्याने हात बसवला, आणि चालवण्यात तो मामापेक्षा चांगला निघाला. भाऊ बांबू धरून मागे धावायचा आणि म्हणायचा, "मी तुया धुरकरी नाही बे, तूच माया धुरकरी होस." मामा-भाचे हसत सुटायचे.

२००९ च्या डिसेंबरात राजदीप अर्ज घेऊन माझ्याकडे आला. गोंदियात पहिल्यांदाच कॉलेजच्या मुलांचा तंत्रमेळावा होणार होता आणि त्यात यंत्रांची झुंज होती. चार विद्यार्थ्यांचा संघ, मार्गदर्शक प्राध्यापक, आणि तार धरायला बाहेरचा एक सहाय्यक चालत होता. अक्षर माझं चांगलं म्हणून अर्ज मी भरायचा. आमच्या घरातले, भावाकडचे, अर्ध्या कामठ्याचे अर्ज मीच भरत आले होते. चार मुलांची नावं लिहिली, प्राध्यापकांचं लिहिलं. यंत्राचं नाव काय म्हटलं, तर राजदीप म्हणाला, "आयर्न बुल."

"आणि हल्या?"

"हल्या ऐकून हसतील, मम्मी."

तेही लिहिलं. मग सहाय्यकाच्या रकान्याशी आले आणि मामाचं नाव लिहायला पेन टेकवलं.

"थांब," तो म्हणाला. "मामाचं नको. परीक्षक येऊन विचारतात, हे कसं केलं, ते कसं केलं. मामा सगळं सांगून मोकळा होईल. मग म्हणतील, पोरांनी बनवलंच नाही."

"पण बनवलं तर त्यानेच ना."

"मी कुठे नाही म्हणतो? पुढच्या वर्षी कॉलेजात कंपन्या येतात. हे एक बक्षीस कागदावर असलं तर माझं काम होईल. जिंकलो की मी स्वतः माइकवर मामाचं नाव घेतो. शप्पथ."

मी विधवा बाई, एकुलता एक पोरगा, त्याची नोकरी. ही कारणं मी स्वतःला इतक्यांदा सांगितली आहेत की ती आता गुळगुळीत झाली आहेत. खरं एवढंच की मला सोयीचं होतं म्हणून मी त्याच्यावर विश्वास ठेवला. शाळेत आम्ही कोणताच रकाना कोरा सोडत नाही. कोऱ्या जागेत मागून कोणी काही घुसवेल म्हणून, काही नसेल तिथे 'निरंक' लिहायचं. वीस वर्षांची सवय. मी सहाय्यकापुढे सुरेख अक्षरात निरंक लिहिलं.

जानेवारीत, मेळाव्याच्या आदल्या दिवशी, मी कामठ्याला गेले. भाऊने त्या दिवसासाठी नवा शर्ट शिवून घेतला होता. खिसा मोठा ठेवायला सांगितला होता. चहा पिता पिता त्याने सहज विचारलं, "भोंग्यावर चुन्नीलाल आहे म्हनतात. पटातला चुन्नीलाल. तो नाव पुकारन ना मायं?"

चुन्नीलाल म्हणजे आमच्या भागातला पुकारा करणारा. पट असो, कबड्डी असो, लग्नाची वरात असो, माइक त्याच्याच हातात. बाबांच्या मालकाचं नाव त्यानेच वर्षानुवर्षं पुकारलं होतं.

"पुकारेल ना," मी म्हटलं.

"बाबाचं नाही पुकारलं कधी," भाऊ म्हणाला. "मायं पुकारलं म्हंजे बाबाचं बी आलंच त्याच्यात. खुशाल देवाजी."

तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी कप विसळायला उठून गेले.

मेळाव्याला सेठने मिलची छोटी गाडी दिली. गोंदियाच्या मैदानावर मांडव, मधे लोखंडी जाळीचा चौक, चारी बाजूंनी खुर्च्या. वजन करताना हल्याचं झाकण उघडावं लागलं. भाऊने सवयीप्रमाणे आधी फ्यूज काढून खिशात टाकला. वजन झालं, मुलं हल्याला उचलून आत घेऊन गेली. भाऊ बांबू घेऊन त्यांच्यामागे निघाला आणि फाटकावरच्या कार्यकर्त्याने त्याला अडवलं. मी पालकांचा बिल्ला लावून आत बसले होते. तिथून मला सगळं दिसत होतं. मी उठले नाही.

भाऊ काहीतरी सांगत होता, बांबू दाखवत होता. कार्यकर्ता बिचारा भला होता, त्याने टेबलावरून अर्जाची झेरॉक्स काढली आणि भाऊपुढे धरली. भाऊ वाकून वाचायला लागला.

तेवढ्यात राजदीप धावत माझ्याकडे आला. घामाने ओला. "मम्मी, फ्यूज मामाच्या खिशात राहिला. आमची पाळी आहे. पाच मिनिटांत सुरू नाही झालं तर बाद. तू जा."

"तू का नाही जात?"

त्याने खाली पाहिलं. "तू जा ना, मम्मी."

मी गेले. भाऊच्या एका हातात बांबू, दुसऱ्या हातात तो कागद. मी म्हटलं, "भाऊ, फ्यूज दे. हल्याची पाळी आली."

त्याने कागद माझ्यासमोर धरला. रागाने नाही, एखादा शब्द लागत नसला की विचारायचा तसा. "हे अक्षर तुयं होय ना?"

"हो."

"मी त फक्त तार धरनार होतो, अल्का."

मी पुन्हा म्हटलं, "भाऊ, फ्यूज." हो, मी तेच म्हटलं. आतून चुन्नीलाल दुसऱ्यांदा पुकारत होता, आयर्न बुल, आयर्न बुल, मैदान में आइए. भाऊने कार्यकर्त्याला विचारलं, "मी लावून येऊ का? एकच मिनिट." तो म्हणाला, "बिल्ल्याशिवाय नाही सोडता येत, काका."

फ्यूज त्याने दिला नसता तर कोणी काही करू शकलं नसतं. मला अजून वाटतं, द्यायला नको होता. हल्या तिथेच मेलेला पडला असता, पोरगा बाद झाला असता आणि मी भावाच्या बाजूने रडायला मोकळी झाले असते. पण त्याने खिशात हात घातला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने काढलेला फ्यूज दुसऱ्याच्या हातात दिला, आणि तो हात माझा होता.

"पोट्ट्याले सांग," तो म्हणाला, "लावाच्या आधी सगळ्याचे हात बाहेर आहेत का पाहून घे."

हल्याने पहिल्या झुंजीत समोरच्या यंत्राचं चाक काढून फेकलं. दुसऱ्या झुंजीत समोरचं यंत्र उलटं पाडलं. लोक खुर्च्यांवर उभे राहिले. प्रत्येक वेळी चुन्नीलाल पटातल्याच त्या ताणलेल्या आवाजात पुकारायचा, आयर्न बुल, नागपूर, संघप्रमुख राजदीप. तो आवाज मैदानाबाहेर रस्त्यापर्यंत जात होता. भाऊ बाहेर गाडीला टेकून उभा होता, म्हणजे त्याने सगळं ऐकलं. मांडवाच्या बाहेर उभं राहून ऐकायची त्याला लहानपणापासून सवय होतीच.

शेवटच्या झुंजीत, मांडवातला एक बांबू घेऊन तार धरणारा संघातला मुलगा खेळ पाहण्यात रंगला आणि तार ढिली पडली. हल्याने वळण घेतलं आणि स्वतःचीच तार ढोलात ओढून तोडली. मधोमध थांबला. समोरच्याने त्याला तीन धडका दिल्या. आम्ही दुसरे आलो.

बक्षीस घेताना राजदीपच्या हातात माइक आला. त्याने प्राध्यापकांचे आभार मानले, कॉलेजचे मानले, मित्रांचे मानले. मग तो म्हणाला, "आणि माझी मम्मी, जिने एकटीने मला वाढवलं." मला स्टेजवर बोलावलं. टाळ्या पडल्या. मी गेले. गुलाबाचं फूल घेतलं आणि फोटोसाठी उभी राहिले. पाय जमिनीला खिळले असते तर बरं झालं असतं, पण ते व्यवस्थित चालले.

बाहेर आले तेव्हा गाडी होती, गाडीला टेकून ठेवलेला बांबू होता, भाऊ नव्हता. एसटीने कामठ्याला निघून गेला होता. चुन्नीलाल वायर गुंडाळत होता. मी कोण ते त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "देवाजीचा पोरगा बाहेर उभा होता ना? मले माहीत असतं त घेतलं असतं बाई नाव. मी कागदावर जे राह्यते तेच वाचतो."

"घाईत राहून गेलं," राजदीप घरी म्हणाला. त्या दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही. दुसऱ्या दिवशी वाढलं. आईचा राग म्हणजे तेवढाच. पुढच्या वर्षी त्याला पुण्यात नोकरी लागली, आणि मुलाखतीत त्याने दाखवलेल्या फोटोत हल्या होता. हल्या कॉलेजातच राहिला. आधी काचेमागे ठेवला, मग पुढच्या मुलांनी मोटरी काढल्या, मग तो कुठे गेला कोणाला माहीत नाही. भाऊने त्याबद्दल एकदाच विचारलं. तो लोखंडी ढोल मिलचा होता, मिळाला तर परत आण म्हणाला. तोही राजदीपने आणला नाही.

भाऊ आमच्याशी भांडला नाही. राजदीप आला की वहिनी कोंबडी करायची, भाऊ पुण्याच्या पावसाची विचारपूस करायचा. पण माझ्याकडून त्याने पुन्हा एक अर्ज लिहून घेतला नाही. गॅसचा, रेशनचा, सगळे तहसीलबाहेर बसणाऱ्या माणसाकडून लिहून घ्यायचा. भुशाच्या खोलीत आता फक्त भुसा असतो.

२०१४ मध्ये त्याची मुलगी स्नेहल बारावी झाली. वसतिगृहाच्या अर्जावर ओळखीच्या शिक्षकाची सही लागत होती. भाऊ अर्ज घेऊन अर्जुनीला आला. अर्ज त्याने स्वतः भरला होता. खिळे ठोकल्यासारखं एकेक अक्षर, काना इकडे, मात्रा तिकडे. मी वरून खाली वाचत गेले. दोन रकाने कोरे होते, त्यांत लिहिण्यासारखं काही नव्हतंच. माझा हात आपोआप पेनाकडे गेला. म्हटलं, "इथे निरंक लिहू का? कोरं चालत नाही."

भाऊने कागदावर हात ठेवला. बोटांना ग्रीस होतं, कोपऱ्यावर डाग पडला.

"राहू दे कोरं," तो म्हणाला. "कोनाचं नाव लिवाचं राहून गेलं असन, त जागा पाह्यजे."

त्याने दाखवलेल्या जागी मी सही केली आणि कागद त्याला परत दिला.